दृष्टांत कसा सांगावा व चित्र कसें दाखवावें

(गांवोगांवच्या उपदेशकांसाठीं व मंडळींच्या पुढाऱ्यांसाठीं एक धडा)

वाचावयाचे शास्त्रभाग : २ शमुवेल १२:१-७, यिर्मया १८:१-६, मत्तय १३:१-९, लूक १०:२५-३७.



दिवसभर शेतांत राबून आलेला मनुष्य संध्याकाळच्या उपासनेस येऊन बसतो, तेव्हां त्याचे कान उघडे असतात, परंतु डोळे मिटूं लागतात. ह्यांत त्याचा दोष थोडा व उपदेशकाचा अधिक. पापक्षमा, नीतिमत्त्व, तारण, पवित्रीकरण हे शब्द खरे आहेत व मोलाचेही आहेत. परंतु ज्याच्या मनांत ह्या शब्दांबरोबर कांहींच उभें राहत नाहीं, त्याच्या बाबतींत ते पालथ्या घड्यावरचें पाणी होतात. तो उठून घरीं जातो, आणि बायकोनें विचारिलें कीं आज काय सांगितलें, तर म्हणतो, "चांगलें सांगितलें." ह्यापलीकडे त्याला कांहीं सांगतां येत नाहीं.

ह्या धड्यांत आम्ही दोन साधनांविषयीं लिहिणार आहों. एक गोष्ट व दुसरें चित्र. उपदेशाला चव यावी म्हणून वरून द्यावयाची ही फोडणी आहे, असें पुष्कळांस वाटतें. आमचें म्हणणें तसें नाहीं. गोष्टीचें खरें काम ऐकणाऱ्याला रिझविणें हें नसून, त्याला आपलें स्वतःचें तोंड दिसेल असा आरसा त्याच्यापुढें धरणें हें होय. जी गोष्ट हें करीत नाहीं, ती कितीही गोड असली तरी उपदेशांत तिला जागा नाहीं.

१. शास्त्रांतील कित्ता

दावीद राजानें उरियाची बायको घेतली व उरियाला लढाईंत मारविलें. त्याचें पाप त्याच्या पदरीं घालण्याकरितां नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला. नाथानानें व्यभिचार व खून हे शब्द उच्चारून आरंभ केला असता, तर राजानें आपला बचाव मांडिला असता, अथवा संदेष्ट्यालाच बाहेर घालविलें असतें. परंतु नाथानानें एक गोष्ट सांगितली. एका नगरांत दोन माणसें, एक श्रीमंत व एक गरीब. श्रीमंताचे कळप पुष्कळ. गरिबाची एकच मेंढी, ती त्याच्या ताटांतलें खाई व त्याच्या उराशीं निजे. श्रीमंताकडे पाहुणा आला, आणि त्यानें आपल्या कळपास हात न लावितां त्या गरिबाची मेंढी घेतली.

ह्या गोष्टींत उपदेशकानें तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, ती अवघ्या चार वचनांची आहे. दुसरी, ती मेंढरांची आहे. कारण ऐकणारा राजा असला तरी तो बाळपणीं मेंढपाळ होता. जो धंदा त्याच्या हाडींमाशीं खिळला होता, त्यांतूनच नाथानानें आपली गोष्ट घेतली. तिसरी, गोष्टीचा निकाल नाथानानें दिला नाहीं, तो राजाकडून देवविला. राजा रागानें पेटून न्याय करून बसला, आणि मग नाथानाला एवढेंच सांगावें लागलें कीं तो मनुष्य तूंच आहेस.

चित्राचेंही तसेंच आहे. यिर्मयाला देवानें कुंभाराच्या घरीं पाठविलें, आणि चाकावर बिघडलेल्या मडक्याचें कुंभार काय करितो हें त्याला डोळ्यांनीं पाहावयास लाविलें. यहेज्केलानें विटेवर यरुशलेम नगर कोरून तिला वेढा घातला (यहेज्केल ४). अगबानें पौलाचा कमरबंद घेऊन आपलेच हातपाय बांधून दाखविले (प्रेषितांचीं कृत्यें २१). आपल्या प्रभूनें शिष्यांमध्यें एक बालक उभें केलें. कराविषयीं प्रश्न निघाला तेव्हां त्यानें नाणें मागितलें. आणि तें विचारणाऱ्यांनींच आणून दिलें. जी वस्तु ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कनवटीला सांपडते, तिच्यासारखें चित्र दुसरें नाहीं, हा ह्यांतला बोध उपदेशकानें गांठीं बांधावा.

२. आपल्या देशांतील पूर्वज

ही रीत आपल्या देशांत नवी नाहीं. हरिदासाच्या कीर्तनांत पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगांत एका तत्त्वाचें निरूपण होतें, व उत्तररंगांत तेंच तत्त्व एखाद्या आख्यानानें लोकांपुढें उभें केलें जातें. आख्यान लांब असतें, परंतु तें एकाच तत्त्वाची पाठराखण करितें. फादर स्टीफन्स ह्यांनीं गोमंतकांतील नव्या ख्रिस्ती लोकांकरितां शास्त्रांतील कथा मराठी ओंवींत गाइली. तें क्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें छापलें गेलें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अहमदनगर येथें कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला, व इ. स. १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं कीर्तन व भजन हीं आपल्या मंडळ्यांच्या घरचीं केलीं. टिळकांचें ख्रिस्तायन त्यांच्या हातून अपुरें राहिलें, तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. ह्या सर्वांस एकच गोष्ट कळली होती कीं, मराठी मनुष्य कथेच्या दारानें आंत येतो.

चित्राच्या बाबतींत कुडाळजवळील पिंगुळी गांवच्या ठाकर चित्रकथ्यांकडे पाहावें. त्यांच्यापाशीं कागदावर रंगविलेल्या चित्रांची पोथी असते. कथा गात असतां ते एका वेळीं एकच चित्र पुढें मांडितात, आणि त्या प्रसंगाचें गाणें संपलें म्हणजे दुसरें. त्या कलेसाठीं परशुराम गंगावणे ह्यांस इ. स. २०२१ मध्यें पद्मश्री हा किताब जाहीर झाला. तसेंच कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन हे इ. स. १८९२ च्या सुमारापासून कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडून कथा सांगूं लागले. त्या यंत्राला शांबरिक खरोलिका असें नांव होतें. साधन पोथीचें असो वा कांचेचें, नियम एकच. चित्र बोलण्याच्या मागून चालतें, व बोलणें चित्राच्या पुढें धांवत नाहीं.

३. गोष्ट ऐकणाऱ्याच्या हातांतली असावी

शास्त्रांतील दृष्टांत पॅलेस्टाईन देशांतील खेडुतांना सांगितलेले आहेत. तेथें जें सर्वांस ठाऊक होतें, तें आपल्या गांवीं कधीं कधीं कोडें होऊन बसतें. पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्या. ज्याची सारी हयात तिफणीमागें गेली, चाड्यावर मूठ धरून ज्यानें दाणा दाणा सरींत सोडिला, तो मनांत म्हणतो, "वाटेवर व कांट्यांत बीं टाकणारा हा कसला शेतकरी?" त्याची शंका खरी आहे, आणि ती फेडल्याशिवाय पुढें गेलें तर दृष्टांताचा बोध होण्याऐवजीं पेरणाऱ्याची कीव येते. म्हणून आधीं दोन वाक्यांत सांगावें कीं, त्या देशांत बीं मुठीनें फेकीत, व शेतांतूनच पायवाट गेलेली असे. त्याहून बरें, मूठभर ज्वारी बरोबर न्यावी आणि उपासनेच्या जागेबाहेर वाट, खडक, झुडूप व मऊ माती अशा चार जागीं ती फेकून दाखवावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच जागीं मंडळीला घेऊन जावें. पांखरांनीं काय ठेविलें व काय नेलें हें ज्याचें त्यानें पाहावें.

रंगांविषयींही सावध असावें. लंडन येथील विख्यात उपदेशक स्पर्जन ह्यांनीं इ. स. १८६६ मध्यें अक्षरें नसलेल्या एका पुस्तकावर उपदेश केला. त्याचें एक पान काळें म्हणजे पाप, दुसरें तांबडें म्हणजे प्रभूचें रक्त, तिसरें पांढरें म्हणजे शुद्धता. पुढें त्यास सोनेरी पानही जोडलें गेलें, आणि आजही मुलांना शिकवितांना हें पुस्तक पुष्कळ ठिकाणीं वापरितात. परंतु आपला शेतकरी आपल्या जमिनीला काळी आई म्हणतो. काळीच्या पोटीं पीक आहे व त्या पिकावर घर आहे. पांढरें लुगडें पाहिलें कीं, गांवच्या बायांना वैधव्य आठवतें. आणि जी मुलगी सांवळ्या रंगावरून रोज घरांत बोलणीं खाते, तिच्यापुढें काळा रंग म्हणजे पाप असें सांगणें हें तिच्या जखमेवर मीठ चोळणें होय. तीच शिकवण चिखलानें भरलेल्या धोतरानें व नदीवर धुऊन आणलेल्या धोतरानें देतां येते. त्यांत कोणाच्या अंगाच्या रंगाला धक्का लागत नाहीं.

यशयाच्या पहिल्या अध्यायांतील १८ वें वचन असेंच आहे. त्यांत बर्फ व लोंकर अशा दोन उपमा आहेत. बर्फ पडलेला आपल्या लोकांनीं पाहिलेला नसतो. आणि लोंकर म्हणावी, तर आमच्या दख्खनच्या धनगरांचीं मेंढरें बहुधा काळीं, त्यांचीं घोंगडींही काळीं! वचन जसें आहे तसेंच वाचावें; परंतु त्याचा अर्थ दाखवितांना नुकतें फुटलेलें कापसाचें बोंड हातांत धरावें. तें आपल्या शिवारांत आहे, व त्याच्याएवढें स्वच्छ दुसरें कांहीं तेथें नसतें.

४. गोष्ट सांगण्याची रीत

पहिली सूचना अशी कीं, "आतां मी तुम्हांस एक गोष्ट सांगतों" असें म्हणूं नये. एकदम माणूस उभा करावा व त्याची अडचण उभी करावी. "एका बाईचें दहांतलें एक नाणें हरवलें." एवढें म्हणतांच, ज्या बायांच्या मंगळसूत्राचा मणी कधीं गळून पडला आहे त्या सर्वजणी ताठ होऊन बसतात. त्यांना ठाऊक आहे, असा मणी हरवला म्हणजे दिवसाउजेडींही दिवा लावून कोनाकोपरा झाडावा लागतो. म्हणून लूक १५ वा अध्याय सांगतांना एक दिवा व एक केरसुणी ह्यांपलीकडे दुसरें चित्र लागत नाहीं.

दुसरी सूचना, एका उपदेशांत एकच मुद्दा व त्याच्यासाठीं एकच मोठी गोष्ट. चार गोष्टी सांगितल्या, तर लोक घरीं जातांना गोष्टींची तुलना करितात व मुद्दा विसरतात.

तिसरी सूचना, गोष्टींतील माणसें बोलतीं असावीं. "बापानें त्याचा स्वीकार केला" असें म्हणण्यापेक्षां, बाप धांवत आला, त्यानें गळ्यांत गळा घातला, नोकराला अंगरखा आणावयास सांगितलें, अशी एक एक कृति सांगावी. गुणवाचक शब्द थोडे घालावे. बाप प्रेमळ होता असें सांगावें लागूं नये, तें त्याच्या पायांवरून कळावें.

चौथी सूचना सर्वांत कठीण. गोष्ट संपली कीं थांबावें. उपदेशकांस गोष्टीनंतर पुन्हां तिचा अर्थ, अर्थाचा अर्थ, व शेवटीं तात्पर्य सांगण्याची संवय असते. जी सुपारी ऐकणाऱ्यानें स्वतः फोडावयाची, ती चघळून त्याच्या तोंडांत घालूं नये. त्याऐवजीं एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहण्याचें धैर्य धरावें.

५. चित्र दाखविण्याची रीत

चित्र लागेल त्याच वेळीं काढावें, व काम झालें कीं झांकावें. भिंतीवर आधींपासून टांगलेलें चित्र पहिल्या भजनालाच पाहून संपतें. तें छातीच्या उंचीवर धरावें, दिव्याकडे त्याचें तोंड असावें, आणि उपदेशकानें चित्राशीं न बोलतां लोकांशीं बोलावें. पुष्कळ गांवीं बाया मागें अथवा एका बाजूस बसतात; पुरुषांनीं पाहिलें म्हणजे सर्वांनीं पाहिलें असें समजूं नये. चित्र घेऊन त्यांच्यापर्यंत चालत जावें.

छापील चित्र नसेल तर अडत नाहीं. कोळसा, चुना व गेरू ह्यांनीं सारवलेल्या जमिनीवर बोलतां बोलतां चार रेघा ओढाव्या. लोकांसमोर उमटत जाणारी वांकडी रेघ ही तयार असलेल्या सुबक चित्राहून अधिक लक्ष खेंचते, कारण पुढें काय निघेल हें पाहावयास सर्व थांबतात.

हल्लीं खेड्यांतही पुष्कळांच्या हातीं मोबाईल असतो, व त्यांत चित्रांचा तुटवडा नाहीं. परंतु तळहाताएवढें चित्र हातोहातीं फिरवूं लागलें, तर शेवटच्याच्या हातीं पोंचेपर्यंत पहिला विसरलेला असतो, आणि मधल्यांनीं ऐकणें सोडिलेलें असतें. असें चित्र दाखवावयाचेंच तर मोठ्या पडद्यावर दाखवावें. नाहीं तर तें घरीं तयारी करण्यापुरतें ठेवावें.

६. एक नमुना

आतां एका दृष्टांतावर ही रीत चालवून पाहूं. समजा, एका गांवीं लहानशी मंडळी आहे. तिच्यांतील कुटुंबें पूर्वींच्या निरनिराळ्या जातींतून आलेलीं आहेत. प्रभुभोजनाच्या वेळीं पेला एक. परंतु मुलामुलींच्या लग्नाची बोलणीं निघालीं कीं जुनी जात उठून बसते. एका आळींतला मनुष्य तापानें पडला, तर दुसऱ्या आळींतून कोणी फिरकत नाहीं. अशा मंडळीला लूकाच्या दहाव्या अध्यायांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगावयाची आहे.

आरंभ वाटेपासून करावा. यरुशलेमेहून यरीहोची वाट सुमारें २७ किलोमीटर आहे, आणि तेवढ्यांत ती सुमारें १,००० मीटर खालीं उतरते. आपल्या लोकांना घाट ठाऊक आहे. वळणावर मनुष्य एकटा पडला म्हणजे काय वाटतें हेंही ठाऊक आहे. जमिनीवर एक वांकडी रेघ ओढावी, व तिच्या मध्यावर एक फाटकें धोतर टाकावें. एवढेंच चित्र.

मग याजक येतो. शास्त्र म्हणतें कीं, तो खालीं उतरत होता, म्हणजे यरुशलेमेकडून येत होता. येथें उपदेशकानें आवाज चढवूं नये. फक्त त्या धोतराला वळसा घालून रेघेच्या दुसऱ्या बाजूनें चालत जावें. लेव्याच्या वेळींही तसेंच. मग शोमरोनी येतो. यहूदी लोक शोमरोन्यांशीं संबंध ठेवीत नसत, हें एका वाक्यांत सांगावें. तो वांकतो, तेल व द्राक्षारस ओततो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर त्याला बसवून स्वतः पायीं चालतो, आणि उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देतो. एक दीनार ही दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). म्हणजे दोन दिवसांची कमाई त्यानें अनोळखी माणसावर घातली. हें मजुरी करणाऱ्या श्रोत्यांस अवश्य सांगावें, कारण त्याची किंमत तेच जाणतात.

येथें गोष्ट संपते, व प्रभूनें विचारिला तोच प्रश्न उपदेशकानें विचारावा कीं, ह्या तिघांतून त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्यानें काय उत्तर दिलें तें नीट पाहा. शोमरोनी हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. ज्यानें दया केली तो, एवढेंच तो म्हणाला. एका जातीचें नांव तोंडावर आणावयास जड जातें, हा रोग किती जुना आहे! ही गोष्ट मंडळीला सांगावी व क्षणभर थांबावें. "तुमच्यांतील अमक्या आळीचे लोक" असें म्हणूं नये. ज्याला ऐकावयाचें तो त्या थांबण्यांतच ऐकेल, आणि एखादा घरीं जातांना दुसऱ्या आळीच्या दारावरून जाण्याऐवजीं दारांत जाईल. तेवढें झालें तर उपदेश सफळ झाला.

आणि उपदेशकानें स्वतः कोणाच्या जागीं उभें राहावें? आम्हांस वाटतें, त्यानें शोमरोन्याच्या जागीं उभें राहूं नये. देवाच्या सेवेंतला मनुष्य ह्या गोष्टींत याजक व लेवी हाच आहे. ज्या उपदेशकानें आधीं स्वतःला त्या वळणावर पाहिलें, त्याचाच आवाज ही गोष्ट सांगतांना खरा लागतो.

७. सावधगिरी

पहिली. रचलेली गोष्ट घडलेली म्हणून सांगूं नये. "समजा, असा एक मनुष्य होता" असें म्हणावयास लाज नाहीं. सत्याची साक्ष देणाऱ्यानें खोटी साक्ष देऊन लोकांस रडविणें हें पाप आहे.

दुसरी. कोणीं विश्वासानें सांगितलेली घरची गोष्ट, नांव गाळूनही, व्यासपीठावर आणूं नये. खेड्यांत नांव गाळिलें तरी मनुष्य ओळखूं येतो, आणि तो पुन्हां आपलें मन कोणापुढें उघडीत नाहीं.

तिसरी. नाथानानें आपली गोष्ट राजापुढें सांगितली. राजाला खूष करावयास गरिबावर सांगितली नाहीं. मंडळींतील विधवा, कर्जबाजारी, दारूनें बुडालेला, ह्यांच्यावर दृष्टांत रचून पुढाऱ्यांस हंसविणें सोपें आहे; तें करूं नये. बोचणारी गोष्ट बळकटापुढें सांगावी, व दुबळ्याला धीराची सांगावी.

चौथी. परधर्मीय शेजाऱ्याच्या देवाची किंवा रीतीची टवाळी करणारी गोष्ट सांगूं नये. टवाळीनें मनुष्य उठून जातो. आणि आपलें काम तर त्याला जवळ बसविण्याचें आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. नाथानाच्या गोष्टीचा निकाल कोणीं दिला? तो नाथानानें दिला असता तर काय झालें असतें?
२. प्रभूनें नाणें स्वतःजवळचें न दाखवितां मागून कां घेतलें असावें?
३. आपल्या गांवांतील अशा तीन वस्तु सांगा, कीं ज्या हातांत धरून शास्त्राचें एखादें वचन समजावितां येईल.
४. आपण मागल्या रविवारीं सांगितलेली गोष्ट कोणासाठीं होती? तिच्यांत ऐकणाऱ्याला स्वतःचें तोंड दिसलें कीं शेजाऱ्याचें?

येत्या आठवड्यांत प्रत्येक उपदेशकानें एकच दृष्टांत निवडावा, तो आधीं आपल्या घरीं मुलांना सांगावा, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांना तो परत सांगावयास लावावा. मुलांनीं जें गाळिलें तें आपणही गाळावें. त्यांनीं जें ठेविलें तेवढेंच घेऊन मंडळीपुढें उभें राहावें. आपला प्रभु सुताराच्या घरीं वाढला व कोळ्यांमध्यें राहिला; त्याच्या मुखांतून जीं चित्रें निघालीं तीं मीठ, दिवा, खमीर, जाळें व मेंढरूं अशीं घरादारांतलीं होतीं. तींच आपल्याही घरांत आहेत. तीं उचलून लोकांपुढें धरण्यास देव आपणां सर्वांस शहाणपण व प्रीति देवो.